अनुभव धागा: ओढगस्तीत देवाने मन कसं भरलं?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. रविवारी आमच्या मंडळीत बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचला. ज्या स्थितीत आहे तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं प्रेषित पौल लिहितो, आणि तेही कैदेतून. मी त्या ‘शिकलो’पाशीच थांबले. म्हणजे त्यालाही ते आयतं मिळालेलं नव्हतं. खान्देशातल्या भावाबहिणींनो, तुम्ही कुठे शिकलात ते लिहा. शेवट गोड झालेल्याच साक्षी हव्यात असं नाही. आमच्या ह्यांची कंत्राटी नोकरी जाऊन आठ महिने झाले. जेवणाआधी आभार मानताना अजूनही माझा आवाज मध्येच अडकतो. पण मानते. (भुसावळ)

रावेर तालुका

ताई, आमची केळीची बाग. जूनमध्ये टिश्यू कल्चरची रोपं लावली, ऑगस्टमध्ये सलग ढगाळ हवा, आणि हरण्या रोग आला. पानांवर पिवळे पट्टे दिसले की संपलं. या रोगावर औषध नाही. मावा तो पसरवतो, म्हणून रोगट रोप उपटून नष्ट करायचं, एवढंच हातात. मी आणि वडिलांनी निम्म्याहून जास्त बाग उपटली. संध्याकाळी ठिबक चालू राहिलं होतं. नळीतून थेंब थेंब पाणी पडत होतं आणि खाली रोपच नव्हतं.

बांधावर बसलो तेव्हा बायबलमधला हबक्कूक संदेष्टा आठवला. अंजीर फुललं नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की ‘तरी’ म्हणण्याआधी तो एकेक नुकसान नाव घेऊन मोजतो. मग मीही मोजलं, मोठ्याने. रोपं, खत, मजुरी, सोसायटीचं कर्ज. खूप रडलो. वडील काही बोलले नाहीत, नुसते शेजारी बसून राहिले. घरी येऊन जेवलो आणि गाढ झोपलो, कित्येक दिवसांनी. कर्ज आजही आहे. हिवाळ्यात मोकळ्या जागेत हरभरा पेरला.

नवापूर

2006 च्या फेब्रुवारीत इथे बर्ड फ्लू निघाला तेव्हा मी पोल्ट्रीत अंडी गोळा करायचो. पांढऱ्या पोशाखातली पथकं आली, खड्डे खणले, आठवड्यात शेड रिकामी. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काम गेलं. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे बाकड्यावर गाठोडं घेऊन ऊसतोडीला जायला गाडीची वाट बघत होतो. एका पैशाला दोन चिमण्या, त्यांतली एकही पित्याच्या नकळत पडत नाही, हे प्रभूचं वचन मनात आलं आणि आधी रागच आला. मग वाटलं, त्याला ठाऊक आहे. ते खड्डेही आणि मीही. 2021 मध्ये तालुक्यात पुन्हा तेच झालं. या वेळी मी शेजारच्या पोराला घेऊन बसलो. समजावलं काही नाही.

धुळे

रावेरच्या दादा, तुमचे वडील नुसते बसले हे वाचून डोळे भरले. मला तेवढंच हवं होतं. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. भेटायला येणारे म्हणायचे, विश्वास कमी पडतोय, उपास धरा. त्या बोलण्याने मी सभेला जाणंच बंद केलं. सासूबाई मात्र कळण्याची भाकरी दुधात कुस्करून लेकाला भरवायच्या आणि म्हणायच्या, “देव शे ना, माय.” बाकी उपदेश नाही. आधी मला त्याचाही त्रास व्हायचा.

एका रविवारी पाळकसाहेब घरी आले आणि ना. वा. टिळकांचं एक भजन त्यांनी धरलं. दुसऱ्या ओळीला खाटेवरून आवाज आला. शब्दांसकट! ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं ते गात होते. डॉक्टर म्हणाले, असं होतं, गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते. असेल. ती वाटही देवानेच ठेवली ना?

बोलणं अजून परतलेलं नाही. माझं नाव त्यांना घेता येत नाही. पण रोज दिवेलागणीला आम्ही तिघं गातो. ते डाव्या हाताने खाटेच्या माचव्यावर ताल धरतात, आणि मी उशीर केला तर आधी तोच वाजतो.