क्वांटम डॉट: खडबडीत डबा आधी शिकवावा की गुळगुळीत?

धरमपेठी: एम.एस्सी.ला काय शिकतो आपण? गुळगुळीत भिंतींच्या डब्यातला कण, म्हणजे एकही दोष नसलेल्या डब्यात कोंडलेला इलेक्ट्रॉन. डब्याची लांबी निम्मी केली की ऊर्जा चौपट, मार्क पैकीच्या पैकी. मग प्रोजेक्टला कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे इलेक्ट्रॉनला कोंडणारे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक, हाती आले. यूव्ही टॉर्चखाली बाटली नारिंगी पेटायची. अजून स्वच्छ व्हावेत म्हणून मेथॅनॉल घालून दोनदा जास्त धुतले, आणि उजेड मेला. पृष्ठभागाला चिकटलेले रेणू निघून गेले, कडेच्या अणूंचे बंध उघडे पडले. त्यांच्या ऊर्जा-पातळ्या नेमक्या मधल्या, एरवी रिकाम्या असणाऱ्या पट्ट्यात येतात अन् इलेक्ट्रॉन प्रकाश न देता तिथंच अडकतो. हे एकाही लेक्चरला ऐकलं नव्हतं. खडबडीत, म्हणजे दोषांसकटचा डबाच आधी शिकवा.

बर्डीवाला: काऊन बे, पाटी कोरी असतानाच गिचमिड करून राहिला? धुतल्यावर शोषणाचा आलेख, म्हणजे डॉट कोणता रंग किती शोषतात तो, काढला का? शिखर हललं?

धरमपेठी: जवळपास नाही.

बर्डीवाला: मग? डब्यानं सांगितलेली पातळी जागच्या जागी आहे. बिघडला तो इलेक्ट्रॉनचा प्रकाश देत खाली यायचा परतीचा रस्ता. डबा काऊन बदनाम करतो?

संत्रा मार्केट: सोपं आहे भाऊ. साल काढली की फोड सुकते. म्हणून तर वरून झिंक सल्फाइडची साल चढवतात.

बर्डीवाला: नागपूरकराला संत्र्याशिवाय काही सुचत नाही!

धरमपेठी: पण आकाराचं काय? बाटलीतले डॉट ५ टक्क्यांनी लहान-मोठे असले तरी डब्याच्या सूत्रानं ऊर्जेत १० टक्क्यांचा फरक. रंग फिसकटणारच. रसायनशास्त्रज्ञ मौंगी बावेंडींना २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो १९९३ मध्ये जवळजवळ एकसारखे डॉट बनवायची रीत काढली म्हणून. सगळी लढाई अनियमितपणाशीच होती ना!

निवृत्त मास्तर: थांबा रे दोघंही. चौरस डब्यात (१,२) आणि (२,१) या अवस्थांची, म्हणजे एका दिशेला लाटेचा एक फुगवटा अन् दुसऱ्या दिशेला दोन, किंवा उलट, यांची ऊर्जा सारखी. एक बाजू जराशी ताणा, पातळी दुभंगते. चौरस ठाऊकच नसेल तर काय दुभंगलं हे पोराला कसं कळायचं? म्हणून गुळगुळीत आधी. पण दुसऱ्याच तासाला खडबडीत, दोन वर्षांनी नव्हे. आणि दोष म्हणजे बिघाड, हे डोक्यातून काढा. हिऱ्यात एक नायट्रोजन अणू आणि शेजारी एक रिकामी जागा, एवढ्यावर ६३७ नॅनोमीटरची लाल प्रकाशाची रेषा मिळते. तो दोष लोक मुद्दाम घडवतात.

बर्डीवाला: सर, दुसऱ्या तासाला चालेल. पेपरात नको.

निवृत्त मास्तर: ते राहू दे. धरमपेठी, प्रत्येक वेळी मेथॅनॉल किती घातलं होतं?