घरी येणाऱ्या केअरगिव्हरची सेवा चांगली की वाईट, हे रेटिंग बघून कळतं का?

उंबरठा (धागाकर्ता)
घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असला की जो तो पहिलं हेच विचारतो, एजन्सी कुठली, रेटिंग किती. माझं आता स्पष्ट मत झालंय की रेटिंग, सर्टिफिकेट, फायली ही सगळी ऑफिसची मापं आहेत आणि सेवा होते ती बंद दाराआड पलंगाशेजारी. हॉस्पिटलात निदान बाजूच्या कॉटवरचा बघत असतो, घरात एक उचलणारा आणि एक उचलला जाणारा, तिसरं कोण असतं?

वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर चार वर्षं आमच्याकडे माणसं येत होती. त्यातल्या सगळ्यात चकचकीत एजन्सीने पाच महिन्यांत अकरा वेगवेगळी माणसं पाठवली. सर्टिफिकेट प्रत्येकाकडे, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगावं लागायचं की त्यांना उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा जातो. रोज नव्या माणसासमोर कपडे उतरवायचे हे वडिलांना इतकं जड जायला लागलं की ते बोलायचेच बंद झाले. नंतर एक मामा मिळाले, सातवी पास, सर्टिफिकेट शून्य, पण अडीच वर्षं तेच आणि वेळेवर. म्हणून मी तीनच गोष्टी बघतो: तोच माणूस येतो का, वेळेत येतो का, आणि तो गेल्यावर पेशंटचा चेहरा कसा असतो. बाकी कागद. भांडायला हरकत नाही, या.

हिशेबनीस
भांडायलाच आलोय. तुम्हाला मामा चांगले मिळाले हे तुमचं नशीब, त्याचा नियम करू नका.

माझ्या मावशीकडे तीन वर्षं एकच बाई होती, जीव लावणारी, मावशी तिच्याशिवाय जेवायची नाही. माकडहाडावर त्वचा लाल दिसायला लागली की ही बाई तेल घेऊन ती जागा खसाखसा चोळायची आणि आम्ही बाजूला उभं राहून कौतुक करायचो, काय करते बघा बिचारी. लाल झालेल्या जागेवर चोळायचं नसतं हे आम्हालाही माहीत नव्हतं आणि तिलाही. बोटाने दाबून बघायचं, दाबल्यावर पांढरं पडलं तर ठीक, लालच राहिलं तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा, त्या जागेवरचा भार लगेच काढायचा. आमच्याकडे नर्स आली तोवर जखम हाडाला भिडली होती. ती बाई गोळीही कुटून द्यायची कारण गिळायला त्रास. दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. आणि उंबरठा, मावशीचा चेहरा कायम हसरा होता हो.

जीव लावणं वेगळं आणि सुरक्षितता वेगळी. डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरने १९६६ मध्येच मांडून ठेवलंय, सेवेची गुणवत्ता तीन बाजूंनी बघा: साधनं आणि माणसं काय आहेत, काम कसं होतं, आणि पेशंटचं शेवटी काय झालं. तुम्ही तिन्ही सोडून चेहरा बघताय. बाहेरचा तपासनीस पाहिजेच.

टोपणनाव_सुचत_नाही
हिशेबनीस +१, पण बाहेरच्या तपासनीसाबद्दल जरा सांगते, मी सासूबाईंसाठी इंग्लंडात या सगळ्यातून गेलेय. तिथे केअर क्वालिटी कमिशन आहे, २००९ पासून. घरी येऊन अंघोळ घालणं, कपडे बदलणं अशी कामं देणाऱ्या एजन्सीला त्यांच्याकडे नोंदणी करावीच लागते आणि ते पाच गोष्टी बघतात: सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, आपुलकी आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलतात का, कारभार नीट आहे का. त्यावरून चार पायऱ्यांचं रेटिंग. रिपोर्ट कुणालाही वाचता येतो, मी तर रेटिंग सोडून आतला मजकूर वाचायचे, औषधांच्या नोंदीत गाळलेल्या जागा, आयत्या वेळी रद्द झालेल्या व्हिजिट, असलं सगळं त्यात सापडतं.

पण दोन भोकं आहेत. तुम्ही स्वतः थेट एखाद्या बाईला कामावर ठेवलंत तर ती या नोंदणीत येतच नाही. आणि २०२४ मध्ये या कमिशनचाच आढावा घेतला गेला तेव्हा निघालं की त्यांच्या कक्षेतल्या साधारण पाचातल्या एका सेवेला कधी रेटिंगच मिळालेलं नव्हतं.

उंबरठा
घ्या, माझंच म्हणणं झालं की हे!

टोपणनाव_सुचत_नाही
नाही झालं. थर्मामीटर खराब निघाला म्हणून ताप कपाळाला हात लावूनच बघायचा असं कोणी म्हणत नाही.

खिडकीतली चिमणी
नऊ वर्षं हेच काम करतेय, केअरगिव्हरचं. इथे सगळे आमची परीक्षा कशी घ्यायची ते ठरवताय म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

नव्वद किलोचा माणूस पलंगावरून खुर्चीत एकटीने हलवायचा, सरकवायचा बोर्ड नाही, कमरेचा पट्टा नाही, पलंग इतका खाली की माझंच कंबरडं मोडतं, आणि घरच्यांना सांगितलं की पलंग उंच करा तर उत्तर येतं आधीची बाई तर कधी बोलली नाही. आधीची बाई का सोडून गेली ते विचारा ना एकदा! घर हीच आमची कामाची जागा आहे, तिथला ओला बाथरूम, सुटलेला गालिचा, अंधारा बोळ हे सगळं सेवेच्या सुरक्षिततेतच येतं, त्याचे मार्क कोणाच्या नावावर टाकायचे?

वेळेचं बोलायचं तर पंधरा मिनिटांत स्पंजिंग, डायपर, औषध आणि भरवणं हे होत नाही म्हणजे नाहीच. मग काय सुटतं माहितीये? भरवताना ताठ बसवायचं आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, ते सुटतं, आणि मग ठसका, अन्न श्वासनलिकेत. इंग्लंडातच नाइस म्हणून संस्था आहे, त्यांच्या २०१५ च्या सूचनांमध्ये चक्क लिहिलंय की अर्ध्या तासापेक्षा छोटी व्हिजिट ठेवायची तर ती मोठ्या व्यवस्थेचा भाग हवी, माणूस ओळखीचा हवा आणि काम मोजकं ठरलेलं हवं. एजन्सी निवडताना व्हिजिट किती मिनिटांची आणि दोन घरांमधल्या प्रवासाला वेळ देता का, एवढं विचाराच. तो वेळ धरलेला नसेल तर तो तुमच्या माणसाच्या वाट्यातूनच जातो.

आणि जी एजन्सी म्हणते आमच्याकडे वर्षभरात एकही पेशंट पडला नाही, तिच्यापासून जपून. म्हातारी माणसं पडतातच, आकडा शून्य असेल तर बहुतेक कोणी लिहीतच नाही कारण लिहिलं की पगार कापतात. पडल्यावर काय केलं, कुणाला कळवलं, पुढे काय बदललं हे जिथे सांगता येतं तिथे मी माझ्या आईला ठेवीन.

हिशेबनीस
चिमणीताई, पलंगाचं एकदम मान्य. पण मग कॅमेरा लावायला काय हरकत आहे? दोघांचंही भलं. खोटी तक्रारही उघडी पडेल.

खिडकीतली चिमणी
हॉलमध्ये लावा, मला सांगून लावा, ज्याचं अंग पुसायचंय त्याला विचारून लावा. डायपर बदलताना मुलगा फोनवर बघतोय हे तुमच्या मावशीला चाललं असतं का? आणि कॅमेऱ्यात मी कुशीवर वळवलं ते दिसतं, टाच गादीला टेकून दबतेय का नाही ते दिसत नाही. त्यासाठी पांघरूण स्वतः उचलून बघावं लागतं. आठवड्यातून एकदा तरी बघता का कोणी?

टोपणनाव_सुचत_नाही
अवांतर, पण आकड्यांच्या शौकिनांसाठी. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, घरच्या नर्सिंग एजन्सींना २०१५ पासून स्टार देतं. पेशंटचं चालणं सुधारलं का, अंघोळीला कमी मदत लागते का, असं त्यात मोजतात. पण ही मोजणी करणारी नर्स कोणाची? त्याच एजन्सीची. आपला पेपर आपणच तपासायचा. आणि जो माणूस सुधारणारच नाही, फक्त हळूहळू ढासळणार आहे, त्याची सेवा उत्तम असली तरी या मापात ती कशी दिसणार?

काठीवाला
मी ७४ वर्षांचा, दोन्ही गुडघे आणि पार्किन्सन्स, सकाळ-संध्याकाळ माणूस येतो. टाइप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात.

अख्ख्या धाग्यात पेशंटला कुणी विचारलेलं नाही. माझ्याकडे समाधानाचा फॉर्म आला होता, मुलाने भरला, तो माणूस शेजारी उभा होता. सगळीकडे उत्तम. दुसऱ्या दिवशी मला उचलायला तोच येणार असेल तर मी काय वेगळं सांगणार?

संध्याकाळचा माणूस उशिरा येतो कधी कधी. म्हणून मी दुपारी तीननंतर पाणी पीत नाही. तो माणूस रोजच्या कामाची वही भरतो, त्यात याची नोंद कुठे होणार, चादर तर कोरडीच असते.

हिशेबनीस
काका, हे वाचून गप्प झालो. माझ्या कुठल्याच चेकलिस्टमध्ये हे नाही. विचारायचं झालं तर मुलानेही नाही, एजन्सीनेही नाही, तिसऱ्याच कुणीतरी तुमच्याशी एकट्याशी बोलायला हवं. पण तो तिसरा म्हणजे शेवटी बाहेरचा माणूसच झाला ना, मी तेच तर म्हणतोय.

उंबरठा
काकांसमोर माझा 'चेहरा बघा' वाला मुद्दा पडला हे मान्य, चेहराही सांभाळून ठेवला जातो. पण तोच माणूस येत राहणं महत्त्वाचं हे मी सोडणार नाही. वडिलांचं पाणी कमी झालेलं मामांनाच कळायचं, लघवीच्या पिशवीतला रंग बघून.

खिडकीतली चिमणी
मामा वही लिहायचे का हो? असेल तर एक बघा. खरी वही वेडीवाकडी असते, ८:१०, १०:४०, मधेच 'झोपलेत, उठवलं नाही', पेन बदललेला. अगदी दोन-दोन तासांनी एका शाईत लिहिलेली दिसली तर ती ड्युटी संपताना बसून भरलेली. मीही भरलीये तशी, खोटं कशाला बोलू.

उंबरठा
काल रात्री माळ्यावरून काढली. त्या चकचकीत एजन्सीची फाइल तुम्ही म्हणता तश्शीच, एक शाई, छापल्यासारख्या वेळा. मामांची दोन वर्षं मस्त वेडीवाकडी, एका पानावर तर चहाचा डाग. शेवटचे चार महिने मात्र ८, १०, १२, २, ४, सरळ ओळीत, रोज. तेव्हा ते रात्रीची दुसरी ड्युटी पण करत होते. मला माहीत होतं.