लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आर्मी चीफ होते का?

रंकाळाकर:
मंडळी, पोरग्याचं शाळेत भाषण हाय, विषय 'आपल्या जिल्ह्यातला सेनानी'. वडगावचे थोरातसाहेब घ्यायचं ठरलंय. कट्ट्यावर एकजण छातीठोक सांगतोय ते आर्मी चीफ होते, दुसरा म्हणतोय राजकारण करून होऊ दिलं नाही. नक्की भानगड काय? पाचच मिनिटं बोलायचंय.

तांबडा_पांढरा:
चीफ नव्हते भावा. १९५७ ते ६१ ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते, हेडक्वार्टर तेव्हा लखनौला. तिथंच मार्च १९६० मध्ये 'लाल किला' नावाचा सराव घेतला, चीन नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, उतरला तर काय होईल यावर, आणि मांडणी अशी की सीमेवर नुसत्या छोट्या चौक्या ठेवा, खरी लढाई मागं द्या, जिथं आपला रस्ता पोचतो आणि चिन्यांची रसद ताणली जाते. दिल्लीत कृष्ण मेनन संरक्षणमंत्री, त्यांनी काय मनावर घेतलं नाही. ६२ ला काय झालं सगळ्यांना माहितीय. तेव्हाचे चीफ जनरल तिमय्यांनी आपल्या जागेवर थोरातांचं नाव सुचवलेलं, सरकारनं जनरल थापरना केलं.

गडहिंग्लजकर:
अर्धंच सांगितलंस. थापर सिनियर होते, त्यामुळं सरळ 'अन्याय' म्हणून मोकळं होता येत नाही. आणि आपली माणसं त्या खुर्चीवरच अडून बसतात राव, कोरियाचं कोण बोलतच नाही. १९५३ ला युद्ध थांबलं, पण हजारो चिनी-कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते, त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली, कमांडर थोरात. दक्षिण कोरियाचा अध्यक्ष सिंगमन ऱ्ही आपल्या सैनिकांना जमिनीवर पाय ठेवू देईना, म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात उतरवलं! छावणीचं नाव हिंदनगर. तिथं कैद्यांनी आपला एक मेजर ओलीस धरला. गोळीबार केला असता तर हाहाकार उडाला असता, थोरात स्वतः तारेच्या आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं. मिळालं अशोकचक्र वर्ग दोन, आताचं कीर्तिचक्र. पोराला नुसतं 'अशोकचक्र' म्हणू देऊ नका, परीक्षक पकडतील.

तांबडा_पांढरा:
मान्य. त्याआधीची कांगावची लढाई पण घाला, ब्रह्मदेश, जानेवारी १९४५. जपान्यांशी समोरासमोर, संगिनीनं. एकाच ब्रिगेडमधल्या तिन्ही बटालियनला भारतीय कमांडर, थोरात, तिमय्या, सेन, आणि तिघांनाही डीएसओ, ब्रिटिशांचं लष्करी पदक.

रंकाळाकर:
नाद खुळा! मग कोरियावरच जोर देतो, पोरांना ते ऐकायला आवडंल. रिटायर झाल्यावर काय केलं?

गडहिंग्लजकर:
एमपीएससीचे अध्यक्ष होते की! हे वाक्य टाकाच, वर्गात कुणाचा ना कुणाचा दादा लायब्ररीत पुस्तकं घेऊन बसलेला असतोयच.