राउटरवर हॅम रेडिओचा मेश नोड बसवताना आलेली अडचण

फ्रीमॉन्टकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या वर्षी मला अमेरिकेतला टेक्निशियन वर्गाचा (सुरुवातीचा) हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम, परवाना मिळाला. हातातल्या संचावरून रिपीटरवर (आपला आवाज पुन्हा दूरवर प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) बोलण्याची हौस पहिल्या सहा महिन्यांत फिटली आणि आता मेश नेटवर्ककडे, म्हणजे ज्यात प्रत्येक उपकरण (नोड) शेजारच्या उपकरणांमार्फत संदेश पुढे पोहोचवते अशा जाळ्याकडे, मन ओढले आहे. आमचे फ्रीमॉन्ट गाव कॅलिफोर्नियात, हेवर्ड प्रस्तरभंगावर वसलेले आहे. १८६८ साली तो मोठा हादरला होता आणि पुढचा हादरा केव्हा येईल याची चर्चा इथे रोजचीच असते. तसे झाल्यास इंटरनेट आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले, तरी आसपासच्या हॅम मंडळींना एकमेकांना फोन करता यावा आणि चित्रे व कागदपत्रे पाठवता यावीत, एवढाच माझा हेतू आहे.

माझ्याकडे दोन राउटर आहेत. एक जुना निळा-काळा लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जीएल असून तो एका गॅरेज सेलमध्ये पाच डॉलरला मिळाला. दुसरा नवा मायक्रोटिक एचएपी एसी लाइट आहे. मायक्रोटिकवर एआरईडीएनचे (हॅम मंडळींच्या मेशसाठी बनवलेले) फर्मवेअर, म्हणजे राउटरची आतली प्रणाली, चढवताना लॅपटॉपचा पत्ता हाताने १९२.१६८.१.१० असा बांधून घेतला, रीसेटचे बटण दाबून धरत वीज दिली, फाइल राउटरमध्ये गेली आणि १९२.१६८.१.१ वर नोडचे पान उघडले. तिथे कॉलसाइनपासून (परवान्यासोबत मिळालेल्या ओळखचिन्हापासून) सुरू होणारे नाव व नवा पासवर्ड भरून जतन केले, राउटर पुन्हा सुरू झाला आणि तेव्हापासून ते पान उघडतच नाही. दोनदा सगळे पुन्हा केले, दोन्ही वेळा गाडी त्याच जागी अडली. राउटर निकामी झाला असे समजावे का? लिंक्सिसही याच जाळ्यात घेता येईल का? आणि घराच्या पूर्वेला साधारण १० किलोमीटरवर जी डोंगरधार दिसते, तिच्यावरच्या स्थानिक हॅम मंडळींच्या नोडपर्यंत पोहोचायला काय करावे लागेल?

डोंगरमाथा

राउटर ठणठणीत आहे, अडचण तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. नाव जतन करून नोड पुन्हा सुरू झाला की तो १९२.१६८.१.१ हा पत्ता सोडतो आणि स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकावरून ठरलेला, १० ने सुरू होणारा पत्ता घेतो. तुमचा लॅपटॉप मात्र अजून हाताने बांधलेल्या जुन्या पत्त्यावरच बसून आहे, म्हणजे घरमालकाने घर बदलले आणि पाहुणा जुन्याच दारावर थापा मारतो आहे. लॅपटॉपचे सेटिंग पुन्हा 'पत्ता आपोआप घ्या' असे करा, केबल एकदा काढून लावा आणि ब्राउझरमध्ये लोकलनोड.लोकल.मेश असे (अर्थात रोमन अक्षरांत) टाइप करा. त्या वेळी लॅपटॉपचे वाय-फाय बंद ठेवा, नाहीतर तो हे नाव घरच्या राउटरला विचारील आणि त्याला त्याचा काहीच पत्ता नसेल. केबल कोणत्या पोर्टात आहे तेही पाहा. फाइल चढवताना ती पहिल्या पोर्टात लागते, पण नंतर पहिले पोर्ट इंटरनेटकडे जाणारे ठरते, लॅपटॉपसाठी दुसरे ते चौथे पोर्ट असते आणि पाचवे दुसऱ्या नोडशी केबलने जोडण्यासाठी राखलेले असते. मीसुद्धा पहिल्या वेळी रात्री दीड वाजेपर्यंत पहिल्याच पोर्टाशी झटत बसलो होतो.

लिंक्सिसबद्दल मनावर दगड ठेवून सांगतो की त्याला या जाळ्यात घेऊ नका. या छंदाचा पाया त्यानेच घातला हे खरे आहे. डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या अखेरीस बाजारात आला, त्यातल्या लिनक्सचा मूळ कोड कंपनीला खुला करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली. टेक्सासमधल्या हॅम मंडळींनी त्यावर एचएसएमएम-मेश रचले, पुढे त्याचेच नाव ब्रॉडबँड-हॅमनेट झाले आणि तिथून बाहेर पडलेल्या विकासकांनी एआरईडीएन सुरू केले. तुमचा जीएल ४ मेगाबाइट फ्लॅश आणि १६ मेगाबाइट मेमरीचा आहे. त्याच मालिकेतल्या साध्या जीच्या पाचव्या आवृत्तीपासून तर तेही निम्म्यावर आणले गेले आणि लिनक्सही काढून टाकले गेले. एआरईडीएन त्याला आधार देत नाही, दोन्ही फर्मवेअरांच्या जाळ्यांची नावे वेगळी असल्याने ते रेडिओवर एकमेकांना ओळखत नाहीत, आणि मार्ग शोधण्यासाठी पूर्वी वापरली जाणारी ओएलएसआर ही पद्धत मागे टाकून एआरईडीएनने अलीकडे बेबेल या दुसऱ्या पद्धतीकडे मोर्चा वळवला आहे. लिंक्सिस प्रयोगासाठी ठेवा, नाहीतर कपाटात मानाने ठेवा.

तारेवरची_कसरत

वरचे उत्तर अचूक आहे, म्हणून मी फक्त तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते खरे काम तिथेच आहे. फर्मवेअर चढवणे ही एका संध्याकाळची गोष्ट आहे, समोरचा नोड 'दिसणे' ही कधीकधी वर्षभराची गोष्ट ठरते.

घरातला एचएपी एसी लाइट १० किलोमीटर पोहोचणार नाही. तो घरातले केंद्र म्हणून ठेवा आणि छतावर दिशादर्शी अँटेना अंगातच असलेले उपकरण लावा, जसे नॅनोस्टेशन किंवा मायक्रोटिकची जाळीदार थाळी. डोंगर नुसता डोळ्यांना दिसतो एवढ्याने भागत नाही. दोन अँटेनांमध्ये रेडिओ लहरी मध्यावर फुगीर होणारी जागा व्यापतात, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर १० किलोमीटरच्या मधोमध त्याची त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते आणि २.४ गिगाहर्ट्झवर जवळजवळ १८ मीटर. त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा हवा. तुमच्याकडून डोंगराकडे रेषा चढत जाते, त्यामुळे मध्यभागाची चिंता कमी, अडथळा तुमच्याच गल्लीत उभा असण्याची शक्यता जास्त. माझ्याकडे तसेच झाले. फेब्रुवारीत दुवा जुळला, सिग्नल गोंगाटाच्या २२ डेसिबल वर होता आणि मी शेजाऱ्यांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले. एप्रिलमध्ये तोच आकडा ६ वर आला. दोन दिवस कनेक्टर उघडून पाहिले, केबल बदलली, आणि मग कुठे लक्षात आले की शेजारच्या सिकॅमोरच्या झाडाला पालवी फुटली आहे. खांब सव्वा मीटरने वाढवला तेव्हा कुठे दुवा परत आला.

वारंवारतेचा पट्टा कोणता हे तुमच्या मनावर नसून डोंगरावरच्या नोडवर अवलंबून आहे, कारण पट्टा, चॅनेल आणि चॅनेलची रुंदी या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे तंतोतंत सारख्या असल्याशिवाय दुवा जुळत नाही. ते आधी त्या मंडळींना विचारा आणि मगच उपकरण विकत घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याला २३९० ते २४५० मेगाहर्ट्झ मिळते, त्यामुळे वाय-फायच्या खालचे ऋण दोन क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे २३९७ मेगाहर्ट्झ, वापरता येते आणि शेजाऱ्यांच्या राउटरांचा कलकलाट बराच टळतो. ५ गिगाहर्ट्झवर आपला पट्टा ५६५० ते ५९२५ इतका लांब आहे आणि दूरच्या दुव्यांना मी तोच पसंत करतो. ३.४ गिगाहर्ट्झची जुनी उपकरणे कुणी स्वस्तात देऊ केली तरी आता घेऊ नका. २०२० मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने) तो पट्टा हौशी सेवेकडून काढून घेण्याचा निर्णय घेतला, त्याचा वरचा भाग २०२२ मध्ये रिकामा करावा लागला आणि खालचा केवळ तात्पुरता उरला आहे.

केबल बाहेरच्या वापराची, आवरण असलेली घ्या, भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पावसाचे पाणी तिथून गळून पडेल, आणि खांबाला अर्थिंग द्या. एचएपीच्या पाचव्या पोर्टातून राउटरला मिळणारीच वीज छतावरच्या उपकरणाला पुढे देता येते, मात्र ती सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. ४८ व्होल्टचा ऑफिसमधला इंजेक्टर (नेटवर्क केबलमधून वीज देणारा डबा) २४ व्होल्टच्या उपकरणाला चुकूनही जोडू नका. मी जोडला होता. धूर आला नाही, फक्त एक बारीक 'टक्' ऐकू आले आणि ८० डॉलर गेले.

नाशिकचा_हॅम

वाचून हात शिवशिवू लागले. हेच फर्मवेअर इकडे भारतात, हौशी परवान्याखाली, जसेच्या तसे वापरावे का?

डोंगरमाथा

जसेच्या तसे वापरू नये असे माझे मत आहे. हे फर्मवेअर अमेरिकेच्या पट्ट्यांसाठी रचलेले आहे. भारतात वाय-फायसाठी परवानामुक्त असलेला पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणून ती ऋण क्रमांकाची चॅनेले तिथे या सवलतीत बसत नाहीत. ५ गिगाहर्ट्झचे काही पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले, त्यांच्या शक्तिमर्यादा पाळून साध्या ओपनडब्ल्यूआरटीवर मेश चालवता येते आणि त्यात पासवर्डही लावता येतो. हौशी परवान्याच्या जोरावर काही करायचे असेल तर आधी डब्ल्यूपीसीच्या (भारतात रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी विभागाच्या) नियमांत तो पट्टा आणि ती उत्सर्जनपद्धत बसते का हे पाहा.

फ्रीमॉन्टकर, पासवर्डावरून तुम्हालाही एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडे अमेरिकेत एफसीसीच्या नियमांच्या भाग ९७ नुसार अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करता येत नाही आणि स्वतःच्या धंद्याची कामेही या लहरींवर चालवता येत नाहीत. आजची बहुतेक संकेतस्थळे कूटबद्धच असतात, म्हणून पहिल्या पोर्टात घरचे इंटरनेट जोडले तरी ते मेशवरच्या इतरांना पुरवण्याची सोय बंदच ठेवा. तुमचा लॅपटॉप केबलने नोडला जोडून त्याच नोडच्या इंटरनेटवर बँकेचे पान उघडतो, तेव्हा ते रेडिओवर जात नाही, त्याची भीती नको. एचएपीतला दुसरा रेडिओ घरच्या साध्या वाय-फायसाठी ठेवलात तर तिथेही पासवर्ड चालतो, कारण तो हौशी सेवेखाली येत नाही. दर दहा मिनिटांनी ओळख देण्याचा नियम मात्र विसरून चालेल असे नाही, पण कॉलसाइन नोडच्या नावातच असते आणि ते नाव जाळ्यात सतत फिरते, म्हणूनच ते नीट भरणे महत्त्वाचे.

फ्रीमॉन्टकर

लॅपटॉप 'आपोआप' वर आणला, केबल पहिल्या पोर्टातून दुसऱ्यात घातली आणि पान लगेच उघडले. इतक्या साध्या गोष्टीसाठी दोन रात्री जागलो, हे घरी अजून सांगितलेले नाही.

डोंगरावरच्या मंडळींनी ५ गिगाहर्ट्झ आणि १० मेगाहर्ट्झ रुंदी सांगितली. एका मित्राचे नॅनोस्टेशन एम५ उसने आणून शनिवारी छतावर धरले. पत्नी खालून पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होती आणि मी एकेक अंश फिरवत होतो. बराच वेळ ती 'काही नाही, काही नाही' म्हणत राहिली, मग 'नऊ', 'बारा', 'पंधरा' आणि हात जरा पुढे गेला तर पुन्हा 'आठ'. पंधरावर पेन्सिलने खूण केली आहे. सिकॅमोर नाही, पण डाव्या हाताला शेजाऱ्यांचा निलगिरी आहे आणि तो बाराही महिने हिरवा असतो, म्हणजे निदान पालवीमुळे आकडा बदलायला नको. खांब किती उंच असावा यासाठी गृहसंकुलाच्या समितीला पत्र लिहायला घेतले आहे. अशा पत्रात अँटेनेचे वर्णन कसे केलेले चालते, याचा अनुभव कुणाला असल्यास कृपया सांगावे.