ताईची विपश्यना, दादाचा हरिपाठ: एका घरात कसं जमवावं?

नदीकाठ: ताई इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर करून आली, सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसते. दादा माळकरी, तिन्हीसांजेला टाळ घेऊन हरिपाठ म्हणतो. घर दोन खोल्यांचं, वेळ एकच. त्यात त्यानेही शिबिर करावं हा तिचा आग्रह, आणि आपणच कमी पडतोय हे त्याच्या मनात. जाणकारांनी सांगावं.

पिंपळपान: आग्रहाने कुणाला पाठवू नये. पहाटे ४ ला उठायचं, दिवसाला दहाएक तास बसायचं, मौन सुटतं दहाव्या दिवशी. शिबिरभर जप, पूजा, पोथी बंद. कारण पहिले तीन दिवस नुसता नैसर्गिक श्वास बघायचा असतो. त्याला नाम जोडलं की लक्ष नामावरच ठरतं, आणि चौथ्या दिवसापासून अंगावरच्या बारीक संवेदना टिपायच्या असतात त्या निसटतात. माळाही केंद्रात नेता येत नाहीत. तुळशीची माळ न उतरवणाऱ्याने अर्ज भरतानाच केंद्राला विचारावं. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात लिहावीतच. शिबिरासाठी गोळ्या परस्पर बंद करणं धोक्याचं आहे.

वीणेकरी: ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग २७. चालीवर अर्धा-पाऊण तास. ताईने ६ ते ७ बसावं, दादाने सव्वासातला टाळ घ्यावेत. हातात माळ आणि लक्ष श्वासावर, असा मेळ मात्र घालू नये. दोन्ही अर्धवट राहतं. ताईला एक सुचवतो. मुक्ताईचे ताटीचे अभंग वाचावेत. रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाला धाकटी बहीण समजावते, पण साधना बदल म्हणत नाही, ताटी उघड म्हणते.

कोरी पाटी: 'कमी पडतोय' यासाठी वेगळं काम लागेल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीप्रमाणे वहीत तीन रकाने आखावेत: घटना, मनातलं वाक्य, परिणाम. घटना: ताई तासभर स्थिर बसली. परिणाम: चिडचिड. मधल्या रकान्यात बहुतेक जण 'वाईट वाटलं' लिहितात आणि तिथेच अडतात, कारण ती भावना झाली, तिची जागा तिसऱ्या रकान्यात. वाक्य असं सापडतं: 'मलाही तसं जमलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी.' त्यातला 'च' खोडून लिहावं: 'जमलं तर आवडेल, नाही जमलं तरी माणूस म्हणून मी उणा नाही.' गुण कृतीला द्यावेत, स्वतःला नव्हे. 'त्याने शिबिर केलंच पाहिजे' यातही तोच 'च' आहे, तेव्हा ताईनेही अशी वही लिहावी. रोज एकच नोंद, ती त्याच दिवशी. महिनाभराने झोप-भूक बिघडलेलीच राहिली तर समुपदेशकाला भेटावं.