मदत हवी आहे: घरच्या स्पर्धेला क्लबमधली मुलं कामाला येत नाहीत

राखीव_खेळाडू
नमस्कार. लवकर उत्तरं द्या, वेळ कमी आहे. आमच्या कॉलेजच्या खो-खो क्लबचा मी सेक्रेटरी. ग्रुपवर 46 जण आहेत. पुढच्या रविवारी स्पर्धा आमच्याच मैदानावर आहे. ग्रुपवर तीन वेळा विचारलं, मदतीला कोण कोण येणार? हो म्हणणारे चौघं, त्यात मी धरून. बाकी सगळ्यांनी वाचलंय, ते दिसतं. बाहेर खेळायला जायचं असलं की हीच मुलं पहिल्या गाडीला स्टेशनवर हजर असतात. आणि आपल्याकडे पाहुणे संघ येणार, तर पाण्याचा ग्लास पुढे करायलाही कुणी नाही? सर म्हणतात, क्लब तुमचा, तुम्हीच बघा. या मुलांना आणायचं कसं? खरंच झोप लागत नाहीये.

जुना_संरक्षक
किती संघ? साखळी की बाद पद्धत? एक दिवस की दोन? मैदानं किती? हे कळल्याशिवाय किती माणसं लागतील तेच सांगता येत नाही.

वसूलदार
दंड लावा. आम्ही कॉलेजात असताना कामाला दांडी मारणाऱ्याकडून 100 रुपये घ्यायचो आणि पुढच्या दोन सामन्यांना बाहेर बसवायचो. एका वर्षात सगळे सुतासारखे सरळ.

मैदानी_मावशी
दंड भरून घरी बसणारे असतातच की. ज्याच्या खिशात 100 रुपये आहेत तो सुटला, ज्याच्या नाहीत तो राबला. क्लबमध्ये असं चालू देऊ नका.

वसूलदार
मावशी, मी करून पाहिलंय म्हणून सांगतोय. गोड बोलून कोणी येत नाही.

मैदानी_मावशी
मीही अकरा वर्षं शाळेचे संघ सांभाळलेत. दंडाच्या धाकाने आलेला मुलगा मैदानाच्या कडेला मोबाइल बघत उभा राहतो. त्याला पुन्हा सांभाळायला एक माणूस लागतो.

राखीव_खेळाडू
दंड नको, सर परवानगी देणार नाहीत. 12 संघ, मुलांचे. बाद पद्धत, एकच दिवस, एकच मैदान. पण माझा प्रश्न मैदानाचा नाही, माणसांचा आहे.

मॅटप्रेमी
मैदान माती की मॅट? आता मॅटवरच खेळायला हवं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तो मॅटवर. आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही नेपाळला हरवून जिंकला. कॉलेजने एकदा मॅट घेतली की मुलं आपोआप मैदानावर येतील.

फक्कीवाला
मातीत मारतो तसा सूर, म्हणजे गडी बाद करायला अंग झोकून मारलेली उडी, मॅटवर येत नाही. आणि मॅटचा खर्च कोण देणार? बरं, राखीव, रेषा आखायला फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, कसली मारता? कळीचा चुना वापरू नका. घामाच्या अंगाला लागला की भाजतो, डोळ्यांत गेला तर फारच वाईट. सूर मारणारी मुलं तोंडावर पडतात, लक्षात ठेवा.

राखीव_खेळाडू
प्लीज, मॅट आणि फक्कीचं नंतर बोलू. माणसं कशी आणू ते सांगा.

जुना_संरक्षक
माणसांचंच सांगतो, पण आधी हिशोब बघ. एक पाळी 9 मिनिटांची, मग 5 मिनिटं विश्रांती, पुन्हा 9, हा झाला एक डाव. मध्यंतर 9 मिनिटांचं. मग परत 9, 5, 9. एक पूर्ण सामना 55 मिनिटं. 12 संघांच्या बाद पद्धतीत सामने होतात 11. म्हणजे 605 मिनिटं, दहा तासांच्या वर, तेही मध्ये क्षणभर न थांबता. एखादा सामना डावाने सुटला, म्हणजे शेवटची पाळी खेळावीच लागली नाही, तर थोडा वेळ वाचेल, पण त्यावर बेत आखता येत नाही. उद्घाटन, संघांची नोंदणी, जेवण धरलं तर सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत. तू मुलांना 'मदतीला या' म्हणतोस, त्याचा त्यांच्या कानाला ऐकू येणारा अर्थ 'अख्खा रविवार द्या' असा आहे. मी तरी आलो असतो का, विचार करतोय.

हार्बरवरून
कॉलेज कुठे आहे? हे अजून कुणी विचारलंच नाही.

राखीव_खेळाडू
चेंबूर.

हार्बरवरून
मग रविवारी हार्बर लोकलला मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का ते बघितलंस? बहुतेक अकराच्या सुमाराला लागतो आणि दुपारी चार-साडेचारपर्यंत चालतो. पनवेल, नेरूळकडून येणारी मुलं सकाळी येतील, पण दुपारी घरी कशी जातील? आमच्या कॉलेजात पनवेलकडचे आठ जण याच कारणाने यायचे नाहीत आणि आम्ही वर्षभर त्यांना आळशी म्हणत होतो.

एक_शिक्षिका
राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना बोलवा. त्यांना वर्षाला 120 तास काम भरायचं असतं, आनंदाने येतील. नवीन शैक्षणिक धोरणात सहशैक्षणिक श्रेयांकही आहेत, त्यात खेळाचा समावेश होतो. विभागप्रमुखांशी बोलून काही जमतंय का पाहा. निदान प्रमाणपत्र तरी द्याच.

जुना_संरक्षक
बाई, बाहेरची मुलं पाणी देतील, गुणफलक नाही चालवणार. पळणाऱ्या तिघांतला तिसरा गडी कधी बाद झाला आणि पाळीतली पुढची तुकडी कधी आत आली, हे खो-खो खेळलेल्यालाच पटकन कळतं. आणि आपला क्लब असताना उसनी माणसं आणायची, हे मला पटत नाही.

एक_शिक्षिका
चौघांत दहा तासांची स्पर्धा उरकण्यापेक्षा उसनी माणसं बरी. मुलगा झोपत नाहीये, तुम्ही तत्त्व कसलं सांगता?

मैदानी_मावशी
राखीव, मला दोन गोष्टी सांग. हो म्हणणारे चौघं कोण? आणि संघात निवड झालेल्यांना काय काम दिलंयस?

राखीव_खेळाडू
आम्ही चौघंही राखीव. निवड झालेल्यांना काही दिलं नाही. त्यांनी खेळण्यावर लक्ष द्यावं असं कॅप्टन म्हणाला, मलाही ते बरोबर वाटलं.

पाटीवरची
मी मुंबईतल्याच एका कॉलेजात खेळते. 46 मध्ये मुली किती? त्यांना काय काम सांगितलंस?

राखीव_खेळाडू
मुली 19. स्वागताचं, पाहुण्यांना गुच्छ द्यायचं. आणि चहापाणी.

पाटीवरची
मग हेच कारण आहे. आम्ही वर्षभर त्याच मातीत धावतो, गुडघे फोडून घेतो. स्पर्धा फक्त मुलांची, तिथे आमचे सामने नाहीत, ते एक वेळ समजून घेऊ. पण खो-खो येत असून साडी नेसून गुच्छ घेऊन उभं राहायचं? मी गेले नसते. आमच्याकडे गेल्या वर्षी एकीने घड्याळ सांभाळलं, दोघींनी गुणलेखकांशेजारी बसून फलक चालवला, एक माइकवर होती. त्या चौघी पाचही दिवस सरावाला आल्या आणि स्पर्धेलाही. पंच संघटनेकडून येतात, पण त्यांच्या हाताशी खेळ कळणारी माणसं लागतातच.

मैदानी_मावशी
बरोबर बोललीस गं. आणि राखीव, संघातल्यांना सूट देऊन तू सगळ्यांना दाखवून दिलंस की काम ही न निवडलेल्यांची शिक्षा आहे. ज्याची निवड झाली नाही तो आधीच दुखावलेला. त्याने खुर्च्या का उचलाव्यात? आमच्याकडे मी पहिली खुर्ची कॅप्टनला उचलायला लावायचे, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. दमणूक होत नाही, पण सगळे बघतात.

वसूलदार
हे पटलं. आमच्या वेळी मात्र दंडच चालला.

राखीव_खेळाडू
खरं सांगू का, हे वाचून वाईट वाटलं. गुच्छाचं काम त्यांना आवडेल असं मी गृहीत धरलं होतं. पण आता आठ दिवस राहिलेत. नेमकं करू काय?

जुना_संरक्षक
ग्रुपवर पुन्हा विचारू नकोस. 46 जणांना एकदम हाक मारली की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. एकेकाला फोन कर, नाव घेऊन, काम आणि वेळ सांगून. 'तू सात ते दहा नोंदणीला बस, दहाला तुझ्या जागी अमका येतोय.' तीन तासांच्या वर कुणालाही अडकवू नकोस. नेरूळ-पनवेलवाल्यांना सकाळची पाळी दे, ब्लॉक लागायच्या आत घरी. आणि सरांकडून शनिवार दुपार माग. चार संघ थेट दुसऱ्या फेरीत, म्हणून पहिल्या फेरीचे 4 सामने शनिवारी, 3 तास 40 मिनिटांत होतात. रविवारी 7 उरतात, साडेसहा तासांच्या आत.

मॅटप्रेमी
मॅट असती तर आखणीचा वेळही वाचला असता, एवढंच म्हणायचं होतं.

राखीव_खेळाडू (चार दिवसांनी)
सांगायला आलोय. सरांनी शनिवार दिला. मुलींच्या कॅप्टनला भेटलो, गुच्छाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, वेळ आणि फलक आमच्याकडे दे, पण कोण कुठे बसणार ते आम्ही ठरवू. दिलं. पुढच्या वर्षी मुलींचे सामनेही ठेवा असं पत्र आम्ही दोघांनी सह्या करून सरांना दिलंय. आमचा कॅप्टन आधी कुरकुरला, मग शुक्रवारी संध्याकाळी आखणीला यायला तयार झाला, संघातले सातजण घेऊन. आतापर्यंत 31 फोन केले, 24 जण हो म्हणाले. पनवेलच्या एकाने सांगितलं, आजवर मला कुणी नाव घेऊन बोलावलंच नव्हतं. रविवारी दुपारी एक ते चारला अजून दोघं कमी आहेत, आज रात्री फोन करतो. फक्कीकाका, आता विचारतो: आखायचं यंत्र चेंबूर-कुर्ल्याकडे भाड्याने मिळेल का?

फक्कीवाला
यंत्र कशाला हवंय? पत्र्याच्या डब्याला खाली भोकं पाडा आणि सुतळी ताणून तिच्या कडेने चालत जा. खडूची भुकटी घ्या, चुना नाही. मैदान 27 बाय 16 मीटर, ते तुम्हाला माहीतच असेल. पण चारही कोपऱ्यांना खिळे ठोकले की आधी दोन्ही कर्ण मोजा, 31 मीटर 38 सेंटिमीटर यायला हवेत. एक जरी कमीजास्त आला तरी मैदान तिरकं झालं समजा आणि खिळा हलवा. दोन्ही टोकांचा खुंट, म्हणजे खांब, 120 ते 125 सेंटिमीटर उंच आणि गुळगुळीत हवा, हात फिरवून बघा, कुसळ राहिलं असेल तर पॉलिश पेपर मारा. शुक्रवारी सहाला मी मोकळा आहे, मानखुर्दला राहतो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, टेप घेऊन येतो.