मदत हवी आहे : पिकअपला जादा पाटा (मागच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) टाकावा का?

मोहोळहून सोलापूर मार्केट यार्डात कांदा नेणारी पिकअप आहे. पासिंगप्रमाणे माल 1500 किलो, म्हणजे 50 किलोच्या 30 पिशव्या. सीझनला व्यापारी 45 भरायला लावतात. तेवढ्या वजनाला मागचे पाटे सपाट होऊन रबराला टेकतात, पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग तरंगतं, उतारावर ब्रेकचे लायनर तापून ब्रेक लागत नाही. मेस्त्री म्हणतात, एक पाटा वाढवा. पण त्यानं गाडी नुसती उचलली जाईल. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहणार ना? शिवाय जादा माल भरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. 30 पिशव्यांतच भाडं परवडावं म्हणून तुम्ही दर कसा ठरवता, पिशवीवर की खेपेवर? भरल्या गाडीला मागच्या टायरात हवा किती ठेवता, तेही सांगा.